डाव्या हाताचं बोलणं

रफूबाई पुटपुटायला लागली आहे, हे सगळ्यात आधी तिच्या नवऱ्याच्या ध्यानात आलं.

पुटपुटणं म्हणजे तोंडाने नव्हे. तोंडाने ती कधी बोललीच नव्हती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, नवऱ्याचे कान लहानपणीच्या एका तापात गेले होते, आणि दोघांचा सगळा संसार हातांच्या बोलण्यावर चालला होता. प्रेम हातांनी, हिशेब हातांनी, भांडणंही हातांनी. अशा माणसाचं पुटपुटणं वेगळं असतं. बोटं पुरती उघडत नाहीत, मूठ पुरती मिटत नाही, एक शब्द दुसऱ्याच्या अंगावर जाऊन पडतो. एका सकाळी चहा पिताना तिने काहीतरी सांगितलं, तर नवऱ्याने कप खाली ठेवून विचारलं,

“काय म्हणालीस? ‘दूध’ की ‘मंगळवार’?”

“दूध. दूध संपलंय.”

“मग नीट बोल ना. हल्ली तू पुटपुटतेस.”

रफूबाईला राग आला. “मी नाही पुटपुटत. तुझे डोळे गेलेत. चष्मा बदल.”

तो बिचारा गेला आणि चष्मा बदलून आला. नव्या चष्म्यातून तिचं पुटपुटणं त्याला आणखी स्वच्छ दिसायला लागलं.

रफूबाई हे नाव तिला लाँड्रीच्या मालकाने दिलेलं. लाँड्रीत पुढे काउंटर, मधे वाफेच्या इस्त्र्या, आणि मागच्या खोलीत मोठ्या खिडकीशी तिचं टेबल. कोणाच्या कोटाला सिगारेटने भोक पाडलेलं असायचं, कोणाचा लोकरी स्वेटर कसरीने खाल्लेला असायचा. ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायची आणि ते भोक असं विणून बुजवायची की धन्यालाही जागा सापडू नये. चांगला रफू हा शहाण्या घरातल्या भांडणासारखा असतो, बाहेरच्याला पत्ता लागत नाही. मालकाला खुणांची भाषा येत नव्हती, पण वीसेक शब्द त्याने शिकून घेतले होते. त्यातला निम्मा शब्दसाठा ‘घाई आहे’ आणि ‘उद्या पाहिजे’ यातच संपत होता.

आधी थंडीत तिची बोटं टोकाला पांढरी पडायला लागली. मग ती सुजल्यासारखी झाली आणि कातडी चकाकायला लागली, जणू कोणी आतून ओढून घेतली आहे. वाफेचा आणि सोड्याचा परिणाम असेल म्हणून ती तेल चोळत राहिली. पुढे सुई चिमटीत टिकेना. मालकाने काही न बोलता रफूचे कोट दुसरीकडे पाठवायला सुरुवात केली आणि तिच्या टेबलावर बटणं लावायचे शर्ट येऊ लागले. ते तिला समजलं. समजूनही ती गप्प बसली, कारण बटणंसुद्धा तिच्या हातून वेळेवर होत नव्हती.

सुईचं दुःख तिने पचवलं असतं. काम जातं, दुसरं मिळतं. पण रविवारी मैत्रिणींच्या घोळक्यात ती काही सांगायला लागली की त्या मान हलवायच्या आणि हसायच्या. न समजताच. ऐकणारी माणसं आयुष्यभर तिच्याकडे बघून तशीच मान हलवत आली होती. ती मान तिला लांबूनसुद्धा ओळखू येई. आता आपल्याच माणसांनी तशी मान हलवली, तेव्हा मात्र ती घरी येऊन लेकीला म्हणाली, “मला डॉक्टरकडे ने.”

लेकीला ऐकू येत होतं. बालवाडीत ती शिक्षिका होती. तोंडाने बोलायच्या आधी ती हातांनी बोलायला शिकली होती, आणि तेव्हापासून ती घराची दुभाषी होती. बँकेत, दातांच्या दवाखान्यात, घरमालकापुढे, सगळीकडे आईबाप आणि समोरचा माणूस यांच्या मधे ही चिमुरडी उभी. त्यातून तिला एक सवय लागली होती. जड गोष्ट आली की ती हलकी करून पुढे द्यायची.

मोठ्या रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरबाईंनी रफूबाईचे हात उलटेपालटे करून पाहिले, बोटांवरची कातडी चिमटीत धरायचा प्रयत्न केला, आणि मग त्या बराच वेळ लेकीशी बोलल्या. रफूबाई त्यांच्या ओठांकडे पाहत राहिली. अखेर लेकीने आईकडे वळून हात हलवले.

“एक कातडीचा आजार आहे. नवीन औषध आलंय, दिव्याचं. करून बघू म्हणतात.”

रफूबाईची भुवई वर गेली. “एवढंच?”

“एवढंच.”

“बाईंचं तोंड चहा उकळून आटेल एवढा वेळ हलत होतं. आणि तू मला एवढंच सांगतेस?”

“बाकीचं डॉक्टरी आहे, आई.”

“चहा गाळ. बोलणं गाळू नकोस. हात माझे आहेत.”

लेकीचा चेहरा लाल झाला. ती डॉक्टरबाईंना म्हणाली, “सॉरी, पुन्हा सांगाल का? सगळं. पहिल्यापासून.”

डॉक्टरबाईंनी न कुरकुरता पुन्हा सुरुवात केली. आणि या वेळी त्या लेकीकडे न बघता रफूबाईकडे बघून बोलल्या.

“शरीराला जखम झाली की ते आतून धागे विणून ती जागा बुजवतं. जखम भरली की विणणाऱ्या पेशी थांबतात. तुमच्या शरीरात त्यांना थांबायचं कळत नाहीये. जखम नसतानाही त्या विणत बसल्या आहेत. म्हणून कातडी जाड आणि घट्ट होतेय.”

रफूबाईला हे चटकन समजलं. हावरटासारखा रफू केला तर कापडाला गाठ येते, आणि ते कापड मग वळत नाही.

“गोळ्यांनी थोडा फरक पडतो, फार नाही. हे नवीन औषध मलमासारखं आहे. अंधारात ते काहीच करत नाही, झोपलेलं असतं. एका विशिष्ट तांबड्या दिव्याखाली ते जागं होतं आणि विणत सुटलेल्या पेशींना थांबवतं. जिथे त्या दिव्याचा उजेड पडेल तिथेच. बाकीच्या शरीराला काही होत नाही. पण अजून चाचणी सुरू आहे. उपयोग होईलच असं मी सांगू शकत नाही. दिव्याखाली आग होते. आणि हा आजार काही जणांच्या फुप्फुसातही शिरतो, म्हणून तुमच्या श्वासाची तपासणी आम्ही करत राहू. काहीच केलं नाही, तर बोटं हळूहळू मिटत जातील.”

लेक सगळं सांगत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात बोलण्यात गुंतलेले होते, त्यामुळे पुसता येत नव्हतं. रफूबाईने कमरेचा रुमाल काढून तिचे गाल पुसले आणि ‘चालू दे’ अशी मान हलवली.

शेवटी आला खरा मुद्दा. चाचणीत एकाच हाताला औषध लागणार होतं. दुसऱ्या हाताला काही करायचं नाही, म्हणजे दोन्हींची तुलना करता येते. दुसऱ्याची पाळी चाचणी संपल्यावर.

“मग उजवा,” रफूबाई लगेच म्हणाली.

“ते तुम्ही ठरवायचं नाही. मीसुद्धा नाही. कॉम्प्युटर ठरवतो.”

“माझ्याच दोन हातांत असं उजवं-डावं का करता?”

लेकीने हे वाक्य जसंच्या तसं तोंडाने सांगितलं. डॉक्टरबाईंना हसू आलं, पण त्यांनी उत्तर नीट दिलं. “मी निवडायला बसले, तर जो हात बरा होईल असं मला वाटतं तोच मी निवडेन. मग तो औषधाने बरा झाला की आपसूक, हे कोणालाच कळणार नाही.”

कॉम्प्युटरने डावा हात निवडला.

हातांनी बोलणाऱ्यांचाही एक कामाचा हात असतो, लिहिणाऱ्याचा असतो तसा. शब्द तो हात घडवतो, दुसरा नुसती साथ देतो. रफूबाईचा उजवा हात बोलका होता आणि डावा हा हो ला हो करणारा. घरी आल्यावर नवऱ्याला कळलं आणि तो उखडला.

“डाव्याला घेऊन काय करायचंय? बोलायचा हात तसाच मरू द्यायचा आणि मुक्याला मलम लावायचं? हे चाचणीवाले स्वतःच्या सोयीचं बघतात. जाऊ नकोस.”

“जाणार.”

“मी सांगतोय, नको.”

“तू सांग. मी जाणार.”

यावर नवऱ्याने ते केलं, जे त्यांच्या घरात वाद हरायला लागलेला माणूस करत असे. त्याने दिवा बंद केला. ऐकणाऱ्या घरात माणूस दार आपटतो, इथे बटण. अंधारात समोरच्याचे हात दिसत नाहीत, म्हणजे शेवटचा शब्द आपलाच. रफूबाई उठली, दिवा लावला आणि त्याच्या अगदी नाकासमोर हात आणून जमेल तेवढं स्पष्ट म्हणाली, “उजवा जाणारच आहे. डावासुद्धा जाऊ द्यायचा का? एक उरला तर तोही माझाच हात आहे ना?”

त्याने पुन्हा बटणाकडे हात नेला नाही.

दिव्याची खोली तळघरात होती. सिस्टर डाव्या हाताला मलम चोपडायची, वरून काळं कापड गुंडाळायची, आणि मग औषध कातडीत मुरेपर्यंत रफूबाई बाहेरच्या बाकावर बसून राहायची. नंतर आत. दिवा मोठ्या तव्याएवढा, तांबडा. डोळ्यांवर काळा चष्मा. तो चष्मा लावला की रफूबाईला काही दिसायचं नाही, आणि ऐकू तर येतच नव्हतं. म्हणजे जगाशी असलेला धागाच तुटायचा. उरायची ती फक्त हाताची आग. इस्त्री चुकून चाटून जावी तशी, पण संपतच नाही अशी. पहिल्या दिवशी ती घाबरून अर्ध्यातच उठायला लागली. तेव्हा सिस्टरने मनाने एक युक्ती काढली. ती मागे उभी राहून रफूबाईच्या खांद्यावर तळवा ठेवायची. अर्धा वेळ झाला की एक थाप, संपत आलं की दोन. थाप बसली की रफूबाई सुस्कारा सोडायची. सिस्टर नंतर लेकीला म्हणाली, “तुमची आई इतक्या मोठ्याने सुस्कारा सोडते, कॉरिडॉरमध्ये ऐकू जातो.” लेकीने ते सांगितल्यावर रफूबाईला फार मजा वाटली. आपण मोठ्याने काही केलं, हे तिला नवीनच होतं.

खरा ताप घरी आल्यावर. मलमाचा अंश कातडीत दोन दिवस राहायचा, आणि तेवढ्या वेळात उन्हात किंवा झगझगीत दिव्याखाली हात उघडा पडला तर औषध तिथेच जागं होऊन कातडी भाजणार. म्हणून जाड काळा हातमोजा, त्याला बोटं नाहीत, नुसती पिशवी. पडदे ओढलेल्या खोलीत तो काढून हाताला हवा द्यायची परवानगी होती. म्हणजे उजेडात हात बांधलेला आणि उघडा झाला की अंधार. उजवा हात उघडा होता, पण तो आता अर्ध्या मुठीत आखडत चालला होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असा.

पहिल्या खेपेला ते दोन दिवस तिने भिंतीकडे तोंड करून काढले. पुढच्या खेपेला नवऱ्याने छापखान्यातून रजा घेतली, पडद्याआडच्या खोलीत तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि आपले दोन्ही पंजे तिच्या हातांवर ठेवले. ‘बोल,’ असा त्याने तिच्या मनगटाला झटका दिला. ती बोलायला लागली आणि तो हातांनी तिचे हात वाचायला लागला. सुरुवातीला सगळा गोंधळ. ती ‘खिडकी’ म्हणाली तर त्याने उठून तिला चादर आणून दिली. पण माणसाला सवय होते. दुपारभर दोघं त्या काळोख्या खोलीत एकमेकांच्या हातांत हात घालून बसायची. लेक एकदा अचानक आली आणि दारातूनच परत फिरली. म्हातारपणी यांचं काय चाललंय, असं तिला वाटलं असणार.

औषधाचा गुण मात्र दिसेना. डॉक्टरबाई पट्टीने मोजायच्या, चिमटीत कातडी धरायच्या, आणि ‘बघू या’ म्हणायच्या.

मग एके दिवशी नवऱ्याने सूप केलं आणि ते खारट झालं. अंधाऱ्या खोलीत चमचा खाली ठेवून रफूबाईने डाव्या हाताने तक्रार केली. खारट या शब्दाला त्यांच्या भाषेत करंगळी एकटी उघडावी लागते, बाकीची बोटं मिटलेली. नवऱ्याने तिचा हात घट्ट पकडला आणि मनगटाला झटका दिला.

“पुन्हा म्हण.”

“खारट झालंय.”

“पुन्हा.”

“खारट! किती वेळा सांगू? खारट, खारट! मीठ सांडलं का पातेल्यात?”

“अजून एकदा.”

हा आता कामातून गेला, असं रफूबाईला वाटलं. तो उठला, पडदा तसाच ठेवून दारापाशी गेला, जरा फट केली आणि त्या मंद उजेडाच्या रेघेत स्वतःचा हात धरून तिला दाखवलं. मूठ मिटलेली, करंगळी सरळ. मग त्याने तिच्या हाताकडे बोट केलं. रफूबाईने अंधारात आपल्या डाव्या करंगळीवरून उजव्या हाताची ताठ बोटं फिरवली. करंगळी सरळ होती. कित्येक महिन्यांत ती एकटी अशी उभी राहिली नव्हती.

ते सूप त्यांनी तसंच खारट पिऊन टाकलं.

नवऱ्याच्या निवृत्तीचा समारंभ एका रविवारी दुपारी ठरला. छापखान्यात यंत्रांच्या खडखडाटात ऐकू न येणारी माणसं बरी, म्हणून तिथे त्यांच्यासारखे बरेच जण होते. वरच्या मजल्यावरचा हॉल सजवला होता आणि दिवे तर विचारू नका. जिथे हातांनी बोलायचं, तिथे अंधाराला थारा नसतो. सगळ्या खिडक्या उघड्या, सगळे बल्ब चालू. आणि रफूबाई आदल्याच दिवशी दिव्याखालून आलेली. डाव्या हाताला काळी पिशवी.

सगळ्यांची भाषणं झाली. मग लोकांनी तिच्याकडे बोटं केली. बायकोने दोन शब्द बोलायचे. ती उभी राहिली आणि आखडलेल्या उजव्या हाताने सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील. समोरच्या रांगेतल्या एकाने मान हलवली, हसला. शेजारणीने मान हलवली. मग सगळा हॉल त्याच मानेने डोलायला लागला.

रफूबाई थांबली. तिने दातांनी हातमोज्याची दोरी सोडली, पिशवी खुर्चीवर टाकली आणि डावा हात वर केला.

दाराजवळ उभी असलेली लेक ओरडली, “आई, नको!” त्या हॉलमध्ये ते कोणाला ऐकू जाणार?

“हा माणूस,” रफूबाई डाव्या हाताने सांगू लागली, “सगळ्यांना सांगतो की तीस वर्षांत बायकोवर एकदाही आवाज चढवला नाही. खरं आहे. पण आमच्या घरातली दिव्याची बटणं किती वेळा बदलली, ते इलेक्ट्रिशियनला विचारा.”

हॉल हसण्याने फुटला. लोक टेबलं बडवायला लागले, कारण लाकडाचा धक्का हाताला कळतो. ज्याच्या घरी तसं बटण नव्हतं, असा एकही नवरा तिथे नसावा. ती आणखी थोडं बोलली. तो लग्नाआधी रोज मुद्दाम फाडलेला शर्ट घेऊन लाँड्रीत कसा यायचा, आणि तो शर्ट दर वेळी नव्या जागी इतका सरळ कसा फाटायचा, ते तिने सांगितलं. डाव्या हाताने ती अडखळत होती, शब्द उलटे पडत होते, पण कोणी मान हलवत नव्हतं. सगळे बघत होते. नवरा चष्मा पुसत होता.

दुसऱ्या दिवशी तो हात टोमॅटोसारखा लाल होता आणि तिसऱ्या दिवशी फोड आले.

डॉक्टरबाईंपुढे तो लपवायची सोय नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रफूबाईने विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. डॉक्टरबाई चिडल्या. “मी तुम्हाला इतकं बजावलं होतं. आता दिव्याची एक खेप चुकणार. आणखी भाजलं असतं तर व्रण कायमचा राहिला असता, तोही घट्टच.”

रफूबाईने ऐकून घेतलं. मग लेकीला म्हणाली, “विचार त्यांना. त्यांच्या नवऱ्याच्या समारंभाला त्यांना कोणी तोंडावर पट्टी बांधून पाठवलं असतं, तर?”

लेक घुटमळली. आईने भुवई वर केली. लेकीने विचारलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, “चूक तुमचीच आहे. पण तारीख ठरवताना मी विचारायला हवं होतं.” त्यांनी ते कागदावर नोंदवलं, आणि तेव्हापासून तारीख देण्याआधी त्या विचारायच्या, “या दिवसांत कुठे बोलायचं आहे का?” बोटं असलेला काळा हातमोजाही कुठूनसा मिळवला. त्यातलं बोलणं थोडं बोबडं यायचं, पण यायचं.

चाचणी संपली तेव्हा डावा हात चांगलाच सैल झाला होता. पूर्वीसारखा नाही. गारठ्यात तो अजूनही पांढरा पडे आणि मूठ अगदी घट्ट मिटत नसे. पण कप धरायचा, कुलूप उघडायचं आणि बोलायचं, हे सगळं होत होतं. उजव्याची पाळी आली तोवर फार उशीर झाला होता. त्यालाही तोच दिवा, तीच आग, पण आत विणून विणून झालेली गाठ पुरती सुटली नाही. अंगठा आणि पहिली दोन बोटं हलायला लागली, शेवटची दोन मात्र तळव्याशी वाकलेलीच राहिली. फुप्फुसं आतापर्यंत साफ आहेत. दर काही महिन्यांनी ती नळीत फुंकर मारायला जाते.

“उजव्याला आधी औषध मिळालं असतं तर?” असं नवरा एकदा म्हणाला. तो विचार तिच्याही मनात येऊन गेला होता, आणि बरेच दिवस मुक्काम ठोकून बसला होता. मग कामाच्या गर्दीत तो कधी निघून गेला, तिला कळलं नाही.

बारीक रफू तिच्या हातून गेला तो गेलाच. मालकाने तिला काढलं नाही. चेन बदलणं, शिलाई उसवणं, जाड लोकरीचं काम ती करते. खिडकीशी दुसरी बाई बसते आता. तिच्या कामाकडे रफूबाई बघत नाही. बघितलं तर जागा सापडते, आणि सापडली की सांगावीशी वाटते.

बोलण्याचं सगळं मात्र डाव्या हातात गेलं. इतरांना तो डाव्या हातचा मळ वाटेल, पण पन्नाशीनंतर बोलायचा हात बदलणं म्हणजे तोंडातली जीभ काढून दुसरी बसवण्यासारखं आहे. पहिले काही महिने ती लहान मुलासारखी बोलायची. मैत्रिणी चिडवायच्या, “परदेशातून आलीस का गं?” नवऱ्याला सगळं आरशातल्यासारखं उलटं वाचावं लागे. आता त्याची इतकी सवय झाली आहे की उजव्या हाताने बोलणारा कोणी भेटला की तोच गोंधळतो.

आणि लेकीला तिने एक दिवस सांगून टाकलं, “आता तू माझ्यासाठी बोलायला येऊ नकोस. रुग्णालयाने दुभाषी द्यायचा. तू नुसती ये.” लेकीला आधी लागलं. पण पुढच्या तपासणीला दुभाषी समोर उभा होता आणि लेक आईच्या शेजारी खुर्चीत बसली होती. हात मोकळे होते. काय करायचं त्यांचं, हे तिला क्षणभर कळेना. मग तिने आईचा उजवा हात मांडीवर घेतला आणि तपासणी संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.

मागच्या हिवाळ्यात डॉक्टरबाईंनी रफूबाईला एक विनंती केली. एक प्लंबर आला आहे, आडदांड माणूस, हात असेच कडक झालेत. दिव्याचं नाव काढलं की घाबरतो. जरा बोलाल का त्याच्याशी?

तो बाकावर मांडीवर हात ठेवून बसला होता. दुभाषी दोघांच्या मधे उभा राहिला.

“बरे होतात का हो हात?” प्लंबरने विचारलं.

रफूबाईने दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. “दाबून बघा.”

त्याने आपल्या चकचकीत, ताठ बोटांनी आधी डावा दाबला, मग उजवा, मग पुन्हा डावा. “याला औषध लावलं होतं का?”

“दोन्हींना. याला लवकर, याला उशिरा.”

तो विचारात पडला. “म्हणजे लवकर केलेलं बरं.”

“ते मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात.”

तो हसला. “दुखतं का?”

“दुखतं.”

“फार?”

“दातांच्या डॉक्टरकडे जाता का तुम्ही?”

“छे. टाळतो मी.”

“मग तुम्हाला फार दुखेल.”

दुभाषी हे सांगताना स्वतःच हसला. प्लंबरने बायकोला विचारून कळवतो म्हटलं, आणि ‘बायकोला’ म्हणताना खांदे पाडले. रफूबाईची बस यायची होती, ती उठली.

पुढच्या खेपेला ती फुंकर मारायला गेली, तेव्हा सिस्टरला भेटायला म्हणून तळघरात उतरली. दिव्याच्या खोलीचं दार बंद होतं आणि बाहेरच्या बाकावर अवजारांची एक जड पिशवी ठेवलेली होती.